ट्रान्सफरमार्क्ट : सोडलेल्या खेळाडूची किंमत कशी वाचावी?

मुंबई सिटी या फुटबॉल क्लबने एखाद्या खेळाडूला सोडले की अंधेरीच्या स्टेडियमबाहेर ‘संपला तो’ असा निकाल लगेच लागतो. तो पडताळून पाहण्यासाठी ट्रान्सफरमार्क्ट हे जर्मन संकेतस्थळ उपयोगी आहे, मात्र त्यावरील ठळक आकड्यापासून सावध राहावे. खेळाडूचे तेथे दिलेले बाजारमूल्य एखाद्या गणिती सूत्रातून निघत नाही. सदस्यांच्या चर्चेतून ते ठरते, त्यामुळे क्लबने हात झटकल्यावर त्यात गुणवत्तेइतकीच लोकांची निराशाही मोजली जाते.

खरी संपत्ती आहे ती हंगामवार नोंदींत. इंग्लंडच्या चेल्सी क्लबकडून मोहम्मद सलाह लीगचे अवघे 13 सामने खेळला. तोच 2017-18 मध्ये लिव्हरपूलसाठी लीगमध्ये 32 गोल करून गेला. गोलांशेजारी मैदानावरील मिनिटे वाचली, तर संधी न मिळालेला खेळाडू आणि संधी वाया घालवलेला खेळाडू यांतील फरक बराचसा कळतो. आपल्याकडील उदाहरण बिपिन सिंगचे. कोलकात्याचा एटीके क्लब सोडून तो 2018 मध्ये मुंबईत आला आणि इंडियन सुपर लीगच्या 2021 च्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानविरुद्ध 90 व्या मिनिटाला विजयी गोल त्यानेच केला. (कोलकात्याच्या मित्रांना हे अधूनमधून ऐकवावे.)

प्रशिक्षकाची पद्धत, पगाराचे गणित किंवा परदेशी खेळाडूंची मर्यादा यांपैकी नेमके कशामुळे खेळाडू गेला, हे मात्र येथे उमगत नाही. त्यासाठी सामनेच पाहावे लागतात. संकेतस्थळ मोफत आहे, जाहिराती सोसाव्या लागतात.