रिझडी: एक सेमिस्टर आणि अख्खा हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव (नेचर लॅबबद्दल जरा जास्तच लिहिलंय)

रिझडी म्हणजे अमेरिकेत प्रॉव्हिडन्स गावातलं ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन, मी तिथे पहिल्या वर्षाला आहे. रँकिंग, पोर्टफोलिओला काय लागतं, एअरबीएनबीवाले ब्रायन चेस्की आणि जो गेबिया इथलेच, फॅमिली गायवाला सेथ मॅकफार्लेन पण इथलाच, हे सगळं तुम्हाला माहितीये असं धरून चालते. हल्ली इन्स्टावर ओळखीच्या-अनोळखी पोरापोरींचा एकच प्रश्न येतोय, "ताई, वर्थ आहे का?", प्रत्येकाला वेगळं टाइप करून वैताग आला म्हणून एकदाच लिहून टाकते, यापुढे विचारेल त्याला हेच चिकटवणार.

आधी पैसे. रिझडीची नुसती ट्यूशनच वर्षाला 60 हजार डॉलरच्या वर, म्हणजे रुपयांत अर्धा कोटी पार, राहणं-खाणं वेगळं, आणि पहिल्या वर्षाला होस्टेल न् मेस दोन्ही घ्यावंच लागतं त्यामुळे रूमवर वरणभात लावून पैसे वाचवायचा माझा प्लॅन फॉर्म भरतानाच निकालात निघाला. कर्ज बाबांच्या नावावर आहे. तेव्हा पुढे मी जे काय कौतुक करेन ते व्याज मोजत मोजत केलेलं आहे एवढं लक्षात ठेवा.

त्यात सुरुवातच वाईट. इथे बोर्ड महाग पडेल म्हणून घरचा ड्रॉइंग बोर्ड बबलरॅप करून आणला, तर एअरलाइनने (नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच) एक कोपरा साफ चेचून दिला. मी फोटो पाठवले, त्यांनी फॉर्म पाठवला, मी फॉर्म भरला, त्यांनी परत फोटो मागितले, आणि शेवटी उत्तर आलं की पॅकिंग पुरेसं नव्हतं. एक पैसा मिळाला नाही. तोच बोर्ड कोपऱ्याला टेप लावून अजून वापरते, नवीन घेणार नाही म्हणजे नाही.

आता कॉलेज. हे सुरू कसं झालं ते इथे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी सांगतंच. 1876 ला फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यासाठी ऱ्होड आयलंडच्या बायकांच्या कमिटीने जमवलेल्या पैशातले 1,675 डॉलर शिल्लक राहिले. मग आपल्याकडे गणपती मंडळाची वर्गणी उरली की जसा वाद रंगतो तसाच प्रश्न, करायचं काय याचं? एक मत होतं पार्कात पाणपोई बांधू. हेलन मेटकाफ म्हणून गिरणीमालकाची बायको होती, तिच्या बाजूचं म्हणणं पडलं की डिझाइनची शाळा काढू. शाळेच्या बाजूने निकाल लागला आणि 1877 ला हे कॉलेज उभं राहिलं, या बायकांना मतदानाचा हक्क मिळायला अजून 43 वर्षं होती. हेलनबाईंनी 1895 ला जाईपर्यंत ते चालवलं, मग पुढे त्यांच्या मुलीने, एलायझा रॅडेकेने. मला यातलं सगळ्यात काय आवडलं सांगू, त्यांच्या मूळ उद्देशांत पहिला उद्देश "थोर कलाकार घडवणे" असला काही नाहीये, कारागिरांना ड्रॉइंग आणि डिझाइन शिकवायचं म्हणजे ते धंद्यात, कारखान्यात वापरता येईल, हा आहे. गाव कापड गिरण्यांचं आणि दागिन्यांच्या कारखान्यांचं, त्यामुळे साहजिकच.

आपलं मुंबईचं जेजे स्कूल ऑफ आर्ट यापेक्षा वीस वर्षांनी मोठं, 1857 चं, आणि त्याच्याही मागे सरकारच्या आधी जमशेटजी जीजीभॉय यांची एक लाखाची देणगी होती. फरक एवढाच की जेजे लवकरच सरकारच्या हातात गेलं आणि हे आजपर्यंत खाजगीच राहिलं, ज्याची किंमत बाबा भरतायत.

बरं, मेन मुद्दा. नेचर लॅब.

1893 ला वॉटरमन स्ट्रीटवर कॉलेजची बिल्डिंग बांधली, तिच्यात हे आहे. एडना लॉरेन्स नावाच्या बाई, इथल्याच विद्यार्थिनी न् मग इथेच शिक्षिका, त्यांनी 1937 ला स्वतः गोळा केलेल्या शंखशिंपले, हाडं, किडे, बिया यांच्यापासून ही लॅब सुरू केली. आज 80 हजारांच्या आसपास नमुने आहेत. ओरिएंटेशनला आत नेलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, पेंढा भरलेले पक्षी बघायला अर्धा कोटी! काचेची जुनी कपाटं, वर टांगलेले सांगाडे, टाकीत जिवंत कासव, वास पण तसलाच जुना.

मग ड्रॉइंगच्या क्लासला काहीतरी "नीट बघून" काढायचं होतं म्हणून गेले आणि एक हॉर्सशू क्रॅब घेतला. हा इथल्याच खाडीत सापडतो, वरून बघाल तर तपकिरी हेल्मेट आणि मागे लांब काटा. तो काटा म्हणजे डंख असणार असं कुणालाही वाटेल, पण तो उलटा पडला की सरळ व्हायला वापरतो. हातात घेऊन पालथा केला की खाली पायांच्या जोड्या, प्रत्येकाचे सांधे वेगळे, आणि त्यांच्या मागे कल्ल्यांची पानं एकावर एक, पुस्तकासारखी मिटलेली. मी काढत बसले. कवचाच्या कडेला जिथे दोन भाग जुळतात तिथे बिजागरी आहे हे मला तिसऱ्या चित्रात दिसलं, पहिल्या दोन चित्रांत मी तिथे आपली मनाने एक रेघ मारून मोकळी झाले होते.

आता आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन आलेलो. स्मरणचित्राच्या पेपरला "बाजारातील दृश्य" आलं की डाव्या कोपऱ्यात भाजीवाली, उजवीकडे छत्री, मागे झाड आणि आकाशात चारचे आकडे म्हणजे कावळे. मला ए ग्रेड होती! सर म्हणायचेच, बघत बसू नका, हात चालू द्या, वेळ संपेल. त्याने हात बसतो हे खरंच, इथल्या बऱ्याच पोरांपेक्षा माझी रेघ स्वच्छ आहे, पण कावळा कसा असतो हे मी इथे ड्रॉवर उघडून बघितलं. चोचीच्या मुळाशी त्याला बारीक केसांसारखी पिसं असतात. साताऱ्यात रोज खिडकीत येणारा पक्षी, आणि मला माहिती नव्हतं.

तर माझ्यासाठी हे कॉलेज म्हणजे ही लॅब. बरेच नमुने नोंद करून रूमवर नेता येतात, मी एकदा कसल्यातरी मणक्याचं हाड उशाशी ठेवून झोपलेय, रूममेटने आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मायक्रोस्कोप आहेत. आणि या सगळ्याचा वेगळा एक डॉलर लागत नाही, मॉडेलला पैसे नाहीत, सामानाला नाहीत, फक्त पेन्सिल आपली. म्हणून मी फीचे पैसे जमेल तेवढे इथेच वसूल करतेय.

बाकी गोष्टी पटकन. पहिलं वर्ष सगळ्यांना कॉमन फाउंडेशन, ड्रॉइंग, डिझाइन आणि स्पेशियल डायनॅमिक्स (म्हणजे थ्रीडी काम), प्रत्येक स्टुडिओ अख्खा दिवस. होमवर्क इतकं की झोप हा विषयच नाही. क्रिट म्हणजे भिंतीवर काम लावायचं आणि सगळ्यांनी बोलायचं, आपल्याकडे सर एकटे बोलतात आणि आपण मान हलवतो त्यामुळे सुरुवातीला मला लोक विनाकारण नाटकं करतायत वाटायचं. लायब्ररी जुन्या बँकेच्या हॉलमध्ये आहे, वर होस्टेल, छत बघूनच मान दुखते. म्युझियम आपल्याला फुकट, आणि तिथे 12व्या शतकातला जपानी लाकडी बुद्ध आहे, बसलेला असूनही नऊ फुटांच्या वर, त्याच्यासमोर बाकावर हीटरची ऊब छान लागते. चढ मात्र खतरनाक. अजिंक्यतारा चढलेली मुलगी आहे मी, पण हातात मोठा पोर्टफोलिओ आणि समोरून बर्फाचा वारा आला की कॉलेज हिल वेगळाच विषय आहे. वरती ब्राऊन युनिव्हर्सिटी, तिथले कोर्स घेता येतात. हॉकी टीमचं नाव नॅड्स, ओरडायचं "गो नॅड्स" (इंग्रजीत जोडून म्हटलं की वृषणं), आजीने अर्थ विचारला, मी फोन कट केला.

अपडेट, फेब्रुवारी: वरचं सगळं डिसेंबरमध्ये लिहून ठेवलेलं, त्यात विंटरसेशनला मी शिव्या घातल्या होत्या, त्या आता काढून टाकल्या. हे जानेवारी-फेब्रुवारीतलं पाचेक आठवड्यांचं छोटं सत्र, त्यात आपल्या लाइनच्या बाहेरचं काहीतरी करायचं. मला वाटलेलं भर थंडीत टाइमपासला अडकवून ठेवतायत, घरी जाऊन आंबट वरण खाल्लं असतं. मी सिरॅमिक्स घेतलं, आणि तेच मणक्याचं हाड मातीत करायला गेले तर आतून पोकळ कुठे आणि भरीव कुठे हे चित्रात लपवलेलं सगळं बाहेर आलं. माती लपवू देत नाही. पहिले सगळे तुकडे भट्टीत तडकले, नंतरचे राहिले. आता मेजर म्हणजे मुख्य विषय निवडायची वेळ आलीये आणि इलस्ट्रेशन फिक्स होतं ते परत हललंय, हे बाबांना अजून सांगितलेलं नाही.

क्रिटबद्दलही मत थोडं मऊ झालंय. नाटकं करणारे आहेतच, पण एका मुलीने माझ्या कावळ्यासमोर उभं राहून नुसतं विचारलं "याचं वजन कुठल्या पायावर आहे?", आणि मला उत्तर येईना.

तर वर्थ आहे का? घरी कर्ज फेडण्यासारखी परिस्थिती नसेल आणि स्कॉलरशिप नसेल तर नाही, सरळ नाही, प्रवेश परीक्षा द्या आणि जेजेला जा, तिथल्या फीमध्ये इथलं वर्षभराचं सामानसुद्धा येणार नाही. आणि राणीच्या बागेत, मार्केटमध्ये, जिथे मिळेल तिथे बसून समोर बघून काढा. येणारच असाल तर कॅम्लिनच्या पेन्सिली, खोडरबर, ब्रश भरभरून आणा, इथे किंमत बघून रडू येतं. जाडे कागद, पुठ्ठे, कापड आणू नका, सीनियर लोक टाकून देतात ते कॉलेजच्या सेकंड लाइफ नावाच्या जुन्या सामानाच्या खोलीत फुकट मिळतं, फक्त सेमिस्टर संपताना सकाळी लवकर जा, दुपारपर्यंत चांगलं काही उरत नाही.