कॅडेक्सोमर आयोडीन मलम : आबांच्या अंगठ्यावर अकरा आठवडे

आबांच्या पायाला लागलं ते नव्या कोल्हापुरी चपलेनं. अंगठा अडकवायचं चामडं अजून कडक होतं. तेल पाजून मऊ करायच्या आधीच ती घालून ते अंबाबाईला जाऊन आले. चार दिवसांनी फरशीवर ओला ठसा दिसला म्हणून मी पाय उचलून बघितला, तर अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम. "अगं, मला काय बी दुखत न्हाई," म्हणाले. अठरा वर्षांची साखर, पायाच्या नसा बधिर. दुखत नव्हतं म्हणूनच त्याच पायावर ते मंगळवार पेठभर हिंडत राहिले.

पुढचे दोन महिने आमच्या हातून चुकाच झाल्या. मेडिकलमधून विचारून तीन वेगवेगळ्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या, एकीचाही कोर्स पुरा केला नाही. ड्रेसिंगला जायचो तिथं रोज जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचे. फेस आला की मला बरं वाटायचं, जंतू मरताहेत म्हणून. तो फेस आपल्या रक्तामुळं आणि मांसामुळंही येतो, आणि रोज ओतलं तर नवं कोवळं मांसच मरतं, हे फार उशिरा कळलं. पट्टीवर हिरवट डाग पडायला लागले, सोडली की पिकल्या द्राक्षासारखा गोडूस वास. एका ठिकाणी तर अंगठा काढायची तारीखच दिली.

मग ज्या सर्जनकडं गेलो त्यांनी मलमाचं नावसुद्धा आधी काढलं नाही. पायाची नाडी तपासली, हाडापर्यंत गेलंय का म्हणून एक्स-रे काढला, आणि जखम धुऊन आतल्या मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे कोणता जंतू आहे ते बघायला, पाठवला. वरवर पुसलेल्या पुवात नुसते कातडीवरचे जंतू सापडतात, असं त्यांचं म्हणणं. रिपोर्टात स्यूडोमोनास आला. आम्ही खाल्लेल्या तिन्ही गोळ्यांपुढं 'आर', म्हणजे त्या जंतूला त्या लागूच नव्हत्या. जे औषध लागू होतं त्याची इंजेक्शनं झाली. सुरुवातीचा आठवडा पातळ असेटिक ॲसिडच्या पट्ट्या ठेवल्या, कारण हा जंतू आंबट जागेत तग धरत नाही. (घरातलं व्हिनेगर ओतू नका, ते किती पातळ करायचं हे डॉक्टरच ठरवतात.)

पण खरं काम केलं ते खरवडण्यानं. जुन्या जखमेत जंतू सुटे राहत नाहीत, स्वतःभोवती चिकट थर करून आत बसतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. त्या थरातून औषध नीट आत जात नाही. दर आठवड्याला डॉक्टर तो थर आणि मेलेलं मांस ब्लेडनं काढायचे. आबा तरुणपणी कागलकडं गुऱ्हाळावर गुळव्या होते, त्यांना ते एका वाक्यात पटलं. "मळी काढल्याबिगर गूळ उतरतोय व्हय?" म्हणाले, आणि पाय पुढं केला.

खरवडून झालं की वर हे मलम. पोव्हिडोन आयोडीन आपल्या सगळ्यांच्या घरात असतं. ते झटपट मारतं, पण पू वाहत असला की लवकर निकामी होतं. कॅडेक्सोमर म्हणजे स्टार्चचे बारीक मणी, त्यात ०.९ टक्के आयोडीन धरून ठेवलेलं. मणी जखमेतलं पाणी पितात, फुगतात, आणि फुगता फुगता आयोडीन थोडं थोडं सोडतात. गव्हाच्या दाण्याएवढा जाड थर लावायचा, वर कोरडी गॉज. लावताना रंग काकवीसारखा तांबूस तपकिरी. पहिल्या आठवड्यात दुसऱ्याच दिवशी सगळं पांढुरकं, दुधावरच्या सायीसारखं झालेलं दिसायचं. रंग गेला म्हणजे आयोडीन संपलं, पट्टी बदलायची. घरी ड्रेसिंग करणाऱ्या माझ्यासारखीला ही खूण फार मोलाची वाटली. सलाइननं भिजवून पाच मिनिटं थांबलं की फुगलेला थर सहज निघून येतो, मांस ओरबाडत नाही. पुढं पुढं रंग तीन दिवस टिकू लागला, म्हणजे जखमेतलं वाहणं कमी झालं. पाचव्या आठवड्यात तळाशी डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल मांस दिसलं. त्या दिवशी मी आईला हाक मारून दाखवलं.

आता उणं. साध्या आयोडीन मलमाच्या कितीतरी पट महाग आहे. आमच्या पेठेतल्या मेडिकलमध्ये मिळालं नाही, सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याच्या आसपास दोन दुकानं फिरून मागवून घ्यावं लागलं. लावल्यावर पहिला तासभर बऱ्याच जणांना जळजळतं. आबांना काहीच जाणवलं नाही, आणि मला ते चांगलं लक्षण वाटत नाही. वाळून काळी पडलेली जखम असेल तर उपयोग नाही, याला ओल लागते. आयोडीन जखमेतून रक्तात जातं, म्हणून आबांचा थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघूनच डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. थायरॉइडचा आजार असलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायका आणि लहान मुलं यांना हे देत नाहीत. सलग तीन महिन्यांच्या वर वापरायचं नाही.

अकराव्या आठवड्यात जखम मिटली. त्याचं सगळं श्रेय मी मलमाला देणार नाही. इन्सुलिन सुरू करून साखर खाली आणली, अंगठ्यावर भार येऊ नये म्हणून एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल करून घेतली, आणि आबांनी हट्ट सोडून ती घरातही घातली. ह्यातलं एक जरी सुटलं असतं तर ट्यूबमागून ट्यूब संपली असती. पण जंतूंनी पुन्हा घर करू नये म्हणून खरवडलेल्या जागी राखण हवी होती, ती ह्या मलमानं चोख केली. पाचपैकी चार तारे. पाचवा दिला नाही तो किमतीमुळं.

शेवटच्या ट्यूबमध्ये थोडं उरलंय. परवा शेजारच्या काकूंनी भाजलेल्या हाताला मागितलं. त्यांना सकाळची थायरॉइडची गोळी चालू आहे. मी दिलं नाही. हात नळाखाली धरायला लावला आणि त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.