फडणीस की लक्ष्मण?

पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत एकाच व्यंगचित्रसंग्रहाचे पैसे खिशात असतील, तर मी शि. द. फडणीस घेईन. त्यांचं एक चित्र: शेजारशेजारच्या बाई-बुवांपैकी एकाच्या कपड्यांवर मांजरं, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदीर. खाली एक अक्षर नाही. भाचीला वाचता येत नव्हतं तेव्हाही ती या चित्राला खिदळली होती. रंग मात्र नीट छापलेले हवेत, पानं चाळूनच घ्या.

आर. के. लक्ष्मण काळ्या शाईचे. १९५१ पासूनचा तो चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन स्वतः गप्प, बोलतात बाकीचे. चित्राखालची ओळ झाकली की गंमत अर्धी. जुन्या मंत्र्यांचे संदर्भही बाबांना विचारावे लागतात. (खड्ड्यांचे नाही लागत!)