स्लीव्ह सर्जरीनंतरचं वर्ष: वजन उतरलं, ताकदीचा हिशोब मात्र वेगळा

बेरिअ‍ॅट्रिक सर्जरीचे, म्हणजे वजन कमी करण्यासाठी पोटावर केलेल्या ऑपरेशनचे, अनुभव वाचायला घेतले की आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मधे किलोंचे आकडे, एवढंच हाती लागतं. आकडे खोटे नसतात, माझेही तसेच आहेत. पण ऑपरेशन ठरवताना मला पडलेल्या प्रश्नाला कोणी हातच घातला नव्हता: इतकं कमी खाऊन माणूस दिवसभर उभा कसा राहतो, कामावर कसा जातो, घरचं कसं बघतो? आता वर्ष होत आलंय, तर तेवढ्यापुरतंच लिहिते.

माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, दुर्बिणीतून केलेली. यात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढतात आणि एक अरुंद नळी मागे ठेवतात. भुकेची जाणीव करून देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, त्यामुळे सुरुवातीचे महिने भूक अशी लागतच नाही. गॅस्ट्रिक बायपास हे याचंच दुसरं ऑपरेशन, त्या बायपासवाल्यांचं गणित थोडं निराळं. त्यांच्यात पोटाची छोटी पिशवी करून लहान आतड्याचा सुरुवातीचा भागही वगळलेला असतो, म्हणून लोह, कॅल्शियम आणि बी१२ चा प्रश्न त्यांना जास्त छळतो. पुढचं बरंचसं दोघांनाही लागू पडेल, पण डोस आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्यायचा.

निकाल आधीच सांगून टाकते. वजनासाठी पूर्ण गुण. ताकदीसाठी पहिले तीन-चार महिने काठावर पास, त्यापुढे चांगली. ज्या काळात किलो सगळ्यात भराभर उतरले, नेमकी त्याच काळात मी सगळ्यात जास्त गळून गेले होते. काट्यावर उभं राहिलं की आनंद आणि जिना चढायला घेतला की धाप. घरच्यांना वाटायचं, एवढं वजन कमी झालंय म्हणजे अंग हलकं झालं असेल. हलकं झालंच होतं, पण त्यात त्राण नव्हतं.

पहिल्या महिन्याच्या थकव्यावर फार काही करता येत नाही. आधी नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत नेहमीच्या जेवणावर यायला दीड-दोन महिने जातात. तोवर शरीराला मिळणारी ऊर्जा गरजेच्या खूपच खाली असते. थोडं चालायचं, पडायचं, परत चालायचं. चालणं मात्र चुकवायचं नाही, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते पहिल्या दिवसापासूनच उठवतात. बैठं काम असेल तर दोन-चार आठवड्यांत रुजू होता येतं. होता येतं खरं, पण दुपारनंतर डोकं चालत नाही. जमत असेल तर सुरुवातीला अर्धा दिवसच मागून घ्या.

खरी गोष्ट पुढे सुरू होते, टाके भरल्यावर, जेव्हा सगळ्यांच्या मते तुम्ही बरे झालेले असता.

थकवा आला की आपल्याला वाटतं खाणं कमी पडलं. माझ्या बाबतीत बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असायचं. नव्या पोटात एका दमात ग्लासभर पाणी जातच नाही. एक घोट, थोडं थांबायचं, पुन्हा एक घोट. जेवताना पाणी नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. अशा पद्धतीने दीड ते दोन लिटर भरायचे म्हणजे जागेपणीचं सततचं काम होऊन बसतं. सुरुवातीच्या आठवड्यांत लोकांना पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतं, त्याचं एक नेहमीचं कारण हेच, अंगातलं पाणी कमी होणं. थंडगार पाण्याने मला छातीत आवळल्यासारखं व्हायचं, कोमट सहज उतरायचं. लघवी गडद दिसली, डोकं जड झालं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, की आधी पाण्याकडे बघायचं, बाकीच्या शंका नंतर.

मग प्रथिनं. दिवसाला किमान ६० ते ८० ग्रॅम, असं साधारण सांगतात. ऐकायला किरकोळ वाटतं. चार-पाच चमच्यांत पोट भरणाऱ्या माणसाने ते भरून दाखवावं! ताटात प्रथिनं आधी, भाजी नंतर, पिठूळ पदार्थ शेवटी आणि जागा उरली तरच, हा क्रम पाळल्याशिवाय आकडा गाठलाच जात नाही. पोट भरल्याची खूणही बदलते. पूर्वी पोट जड व्हायचं, आता माझं नाक वाहायला लागतं. खरंच सांगते. काहींना उचकी लागते, काहींना शिंक येते. ती खूण दिसल्यावर घेतलेला एक जास्तीचा घास म्हणजे छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखी कळ, तोंडाला सुटणारं फेसाळ पाणी आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं बेसिनजवळ. खूण एकदा ओळखता आली की हा प्रकार जवळजवळ बंद होतो. घास बारीक चावणं आणि दोन घासांत चमचा खाली ठेवणं, यातच निम्मं काम होतं.

प्रोटीन पावडरवर वेगळं लिहायला हवं, कारण त्यात पैसे वाया जातात. ऑपरेशनआधी आवडलेली चव नंतर आवडेलच असं नाही. जीभ बदलते आणि गोडाचा तर सुरुवातीला चक्क वीट येतो. मोठा डबा आधीच घेऊन ठेवू नका, लहान पुड्या चाखून बघा. बिनचवीची पावडर मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली, सूपमध्ये किंवा दुधात मिसळता येते. फक्त सूप आधी कोमट होऊ द्यायचं. उकळत्यात घातली की व्हे प्रोटीनच्या, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या, गुठळ्या होतात आणि त्या गाळूनही जात नाहीत. दुधाने पोट बिघडत असेल तर आयसोलेट प्रकार बघा, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, बरीच कमी असते.

एवढं सगळं नीट चाललेलं असूनही एका टप्प्यावर मी दुपारी बसल्याजागी झोपायला लागले. हिमोग्लोबिन अगदी व्यवस्थित. मग फेरिटिन तपासलं, तर ते तळाला गेलेलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. साठा आधी संपतो, हिमोग्लोबिन नंतर घसरतं, म्हणून नुसता हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बघून ‘सगळं छान आहे’ असं कोणी म्हटलं तर फेरिटिनचं आवर्जून विचारा. पाळी येणाऱ्या बायकांनी तर नक्कीच. ऑपरेशननंतर अशा बायकांना दिवसाला ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह लागतं असं बेरिअ‍ॅट्रिकच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पुरुषांचं त्याहून कमी. माझा डोस वाढवल्यावर फरक पडायला काही आठवडे गेले, पण पडला तो स्पष्ट कळण्याइतका.

गोळ्यांमधली गोम अशी की त्या एकमेकींच्या आड येतात. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही, दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या आसपास चहा-कॉफी नको, क जीवनसत्त्व असेल तर उत्तम. कॅल्शियम एकदम घेऊन उपयोग नाही, दिवसाचे १२०० ते १५०० मिलिग्रॅम दोन-तीन वेळांत वाटून घ्यायचे. तेही सायट्रेट असलेलं बरं, कारण कार्बोनेटला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी झालेलं असतं. यात मल्टिव्हिटॅमिन, डी आणि बी१२ मिसळलं की घड्याळाला बांधलेला दिवस तयार होतो. आणि हा हिशोब जन्मभराचा आहे. ऑपरेशनच्या आधी हे मला सांगितलं होतं, पण ‘जन्मभर’ हा शब्द तेव्हा आपण ऐकून सोडून देतो.

एका बाबतीत मात्र वाट बघत बसायचं नाही. उलट्या थांबतच नसतील आणि काही दिवस पोटात काही टिकत नसेल, तर तडक डॉक्टरांकडे जा. बी१ म्हणजे थायमिनचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. त्याच्या अभावाने चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गोंधळल्यासारखं होणं सुरू झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी ग्लुकोजची सलाईन लावण्याआधी थायमिन द्यायला हवं. तुमच्या ऑपरेशनची माहिती नसलेल्या दवाखान्यात गेलात, तर ऑपरेशन झाल्याचं पहिल्याच वाक्यात सांगा.

माझ्या थकव्याचं आणखी एक कारण कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, ते म्हणजे रक्तदाबाची गोळी. वजन उतरलं तसा रक्तदाबही उतरला, डोस मात्र जुन्या वजनाचाच चालू राहिला. खुर्चीतून उठलं की खोली फिरायची. घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून तो कागद फिजिशियनना दाखवला, त्यांनी गोळी आधी निम्मी केली आणि मग बंद. आठवड्याभरात अंगात जीव आला. मधुमेहाच्या औषधांचंही तसंच, ती तर कित्येकांची पहिल्या आठवड्यातच कमी करावी लागतात. मनाने बंद करायची नाहीत, पण ‘आता हा डोस बरोबर आहे का?’ हे दर भेटीला विचारायचं. सर्जन पोट बघतात, फिजिशियन रक्तदाब बघतात. दोघांमधला निरोप्या आपणच.

डम्पिंग, म्हणजे खाल्लेलं आतड्यात फार वेगाने उतरल्याने होणारा त्रास, फक्त बायपासवाल्यांना होतो असा समज आहे. स्लीव्हमध्येही होऊ शकतो, मला झाला. रिकाम्या पोटी गोड पेय घेतलं आणि साधारण दीड तासाने हात थरथरायला लागले, घाम फुटला, डोकं हलकं झालं. साखर आतड्यात वेगाने उतरते, इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि रक्तातली साखर धाडकन खाली येते. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालाच. नाहीतर आपण त्यालाच ‘अशक्तपणा’ म्हणतो, त्यावर पुन्हा काहीतरी गोड खातो आणि तेच चक्र फिरत राहतं.

आता स्नायू. भराभर उतरणाऱ्या वजनात नुसती चरबी नसते, स्नायूही जातात. चालण्याने दम वाढतो, पण गेलेलं बळ परत यायला वजन उचलणं किंवा रबरी पट्ट्या ओढणं लागतं. पोटाच्या टाक्यांमुळे साधारण महिना-दीड महिना जड उचलायला मनाई असते, त्यानंतर सर्जनची परवानगी घेऊन सुरू करा. माझी मोजपट्टी काटा नव्हती. हात न टेकता खुर्चीतून किती वेळा उठता येतं, ते मी बघायचे. तो आकडा वाढायला लागला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आता गाडी रुळावर येतेय.

झोपेने मात्र सुरुवातीपासून साथ दिली. घोरणं कमी झालं, सकाळचं डोकं जड होणं गेलं. सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडकू नये म्हणून दाबाने हवा देणारं मशीन, वापरणाऱ्यांनी वजन उतरल्यावर मशीनचा दाब पुन्हा तपासून घ्यावा, आणि बरं वाटतंय म्हणून ते परस्पर बंद करू नये.

बाकीचं थोडक्यात. केस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास मूठमूठ गळायला लागले, सहा-सात महिन्यांनी थांबले, आता कपाळावर नवीन खुंट दिसतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर थायरॉइडच्या तपासणीआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. थंडी पूर्वीपेक्षा फार वाजते. सैल पडलेल्या कातडीच्या घड्या कोरड्या ठेवाव्या लागतात, नाहीतर पुरळ उठतं. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

लोकांबद्दल काय लिहू? ‘एवढंच खाणार?’ आणि ‘आता बास हं, फार वाळलीस’ ही दोन वाक्यं एकाच जेवणात ऐकायची तयारी ठेवा. सुरुवातीला समजावून सांगण्यात माझी बरीच शक्ती जायची. आता मी लहान ताटली घेते, हळूहळू खाते आणि विषय बदलते. खाणं हा ज्यांचा विसावा होता, त्यांना तो गेल्यावर पोकळी जाणवते. मन उदास राहायला लागलं तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका, तोही थकवाच आहे आणि तो कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही.

ऑपरेशन करावं का, असं मला विचारतात. सांधे, साखर, झोप यांनी जेरीस आणलं असेल आणि तपासण्या-गोळ्यांचा कंटाळा करणारा स्वभाव नसेल, तर जरूर विचार करा. ‘एकदा केलं की सुटलो’ असं वाटत असेल तर थोडं थांबा. वजन साधारण वर्ष-दीड वर्षात सगळ्यात खाली येतं आणि नंतर थोडं परत चढतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या दीर्घ अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरलं होतं, दहा वर्षांनी ती घट २५ टक्के राहिली. मला तर हा सौदा परवडतो.

खरेदीचं विचाराल तर खास बेरिअ‍ॅट्रिक ताटल्या-चमच्यांचा संच घेऊ नका, घरातली वाटी आणि लहान चमचा पुरतो. खुणा असलेली पाण्याची बाटली घ्या. आणि गोळ्यांचा डबा घ्या, तो मात्र दिवसाला चार कप्प्यांचा, कारण एक कप्पा असेल तर लोह आणि कॅल्शियम शेजारी शेजारी येऊन बसतात.