गुडघ्यासाठी घेतलेलं टेन्स मशीन : दीड वर्ष आणि एक वारी

"ताई, ते मशीन घेऊ का?" असं मला आमच्या पोळी-भाजी केंद्रावर येणाऱ्या गिऱ्हाइकांनी विचारलं, नणंदेने विचारलं, दिंडीतल्या बायकांनी तर रोज विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

टेन्स म्हणजे कातडीवर पट्ट्या चिकटवून हलका वीजप्रवाह सोडायचा आणि दुखणं कमी करायचं, असं छोटं मशीन. माझं दोन चॅनेलचं आहे. म्हणजे दोन वायरी आणि चार चिकटपट्ट्या. फेब्रुवारी २०२४मध्ये पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका सर्जिकल दुकानातून घेतलं, २,४०० रुपयांना. आकाराने जुन्या साध्या मोबाइलएवढं. चार्जिंगचं आहे, रोज अर्धा तास वापरलं तर आठवडाभर पुरतं.

ते घ्यायची वेळ का आली, ते आधी सांगते. सव्वीस वर्षं मी उभं राहून पोळ्या लाटल्या आहेत. दोन्ही गुडघे झिजलेत, उजवा जास्त. सकाळी उठल्यावर पाय आखडलेला असायचा, संध्याकाळपर्यंत ठणका लागायचा. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्या आणायच्या, एक घ्यायची आणि कामाला लागायचं, असं तीन वर्षं केलं. चिठ्ठी कुणी मागितली नाही आणि मीही कुणा डॉक्टरला विचारलं नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये डांबरासारखी काळी शी व्हायला लागली. दोन पोळ्या लाटल्या की धाप लागायची. दुर्बिणीने तपासलं तर पोटात अल्सर, त्यातून रक्त जात होतं. डॉक्टरांनी या जातीच्या गोळ्या कायमच्या बंद केल्या. वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा गोळ्या रोज घेत असेल आणि शीचा रंग काळा दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मी आठ दिवस घालवले, तसे घालवू नका.

गोळ्या बंद झाल्या, पण गुडघा तोच आणि केंद्रही तेच. चालणं सोडावं असं घरात सगळ्यांचं मत पडलं. माझी फिजिओथेरपिस्ट, माझ्या मुलीच्या वयाची मुलगी, तिने मात्र पहिल्याच दिवशी सांगितलं, "मावशी, चालणं सोडलंत तर मांडीचे स्नायू जातील, आणि मग सगळा भार सांध्यावरच येईल. दुखणं कमी करायचंय ते हलण्यासाठी, बसून राहण्यासाठी नाही." टेन्स मशीन तिनेच सुचवलं. आणि तिनेच हेही सांगितलं की गुडघ्याच्या झिजेसाठी या मशीनचा पुरावा भक्कम नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत गुडघ्याच्या झिजेवर टेन्स देऊ नका असंच म्हटलंय. त्याच सूचनांमध्ये व्यायाम आणि वजन कमी करणं याला पहिलं स्थान आहे. मग मला का दिलं? ती म्हणाली, "काहींना फरक पडतो, काहींना नाही. माझ्याकडचं आठ दिवस वापरून बघा. पडला तर विकत घ्या." असं सांगणारं माणूस भेटणं हे माझं भाग्य.

मला फरक पडला. तो कसा, हे मी नीट सांगायचा प्रयत्न करते, कारण दुकानात जे सांगतात ते वेगळंच असतं.

गुडघ्याच्या वाटीच्या वर दोन आणि खाली दोन अशा पट्ट्या लावायच्या. एका वायरीच्या दोन पट्ट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, दुसरीच्या उरलेल्या कोपऱ्यांत, म्हणजे प्रवाहाची फुली वाटीवर पडते. मशीन चालू केलं की आधी काहीच कळत नाही. बटण दाबत गेलं की चार-पाचच्या आकड्यावर मुंग्या सुरू होतात, तिथून पुढे बारीक थरथर. जोरकस वाटलं पाहिजे, पण दुखता कामा नये. माझ्या मशीनवर तो आकडा नऊ ते बारा. दहा मिनिटांनी मुंग्या विरल्यासारख्या वाटतात, कारण शरीराला सवय होते. तेव्हा एकेक आकडा वर न्यायचा. मी ८० ते १०० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला तेवढ्या ठोक्यांवर ठेवते. त्यात ठणका मागे सरतो. जात नाही, मागे सरतो. शेजारच्या खोलीतला रेडिओ दार लावल्यावर जसा ऐकू येतो, तसा.

दाराची उपमा मी उगाच दिलेली नाही. गुडघा आपटला की आपण लगेच चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा संदेश जाड, वेगवान नसांमधून मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथे दुखण्याच्या संदेशाची वाट अडवतो. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ साली हा 'गेट'चा सिद्धांत मांडला. मशीन हेच चोळणं विजेने करतं. दोन-चार हर्ट्झवर ठेवलं तर थरथर न होता टकटक ठोके पडतात, त्याने शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं सुटतात असं म्हणतात. मला ते गुडघ्यापेक्षा कंबरेला जास्त मानवतं.

आता महत्त्वाचं. बंद केल्यावर मला आराम टिकतो तो पाऊण तास, चांगला दिवस असेल तर दीड तास. एवढाच. जो कुणी "एकदा लावा, दिवसभर विसरा" म्हणेल त्याचं ऐकू नका. पण हा पाऊण तासच माझ्या कामाला आला. मशीन चालू असतानाच मी व्यायाम करायचे. गुडघ्याखाली टॉवेलची वळकटी ठेवून ती दाबून धरायची, दहापर्यंत मोजायचं. पाय सरळ ठेवून वर उचलायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात सहा वेळा उठता आलं, तेही दात-ओठ खाऊन. चार महिन्यांनी बारा वेळा. मशीन काढल्यावर लगेच वीस मिनिटं चालायला. दुखत असताना हे व्यायाम माझ्याच्याने झाले नसते, ते मी आधी दोनदा सोडून दिले होते. वजनही पाच किलो उतरलं. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो, हे कळल्यावर मी केंद्रावर संध्याकाळी उरलेली पोळी खाणं बंद केलं.

दुकानदाराने मात्र मला उलटं सांगितलं होतं. "हे लावून बसा, नस आपोआप मजबूत होते, व्यायामाची गरज नाही." हे चूक आहे. स्नायूला आकुंचन द्यायचं मशीन वेगळं असतं, आणि तेही फिजिओच्या देखरेखीत वापरायचं. टेन्सने स्नायू वाढत नाही. माहितीपुस्तिका इंग्रजीत, तीही अशी की मुलाला वाचून अर्थ लागेना. मराठीत एक साधा कागद दिला असता तर किती बरं झालं असतं. हे मशीन वापरणारं माणूस बहुतेक साठीच्या आसपासचं असतं, याचा कुणी विचारच केलेला नाही.

पहिल्या महिन्यात मला चांगलाच चटका बसला. एकदा आदल्या रात्री तिळाचं तेल चोळलं होतं. सकाळी पट्टी वरवर चिकटली, चालताना अर्धी सुटली आणि सगळा प्रवाह उरलेल्या कोपऱ्यातून गेल्यावर सुई खुपसल्यासारखी कळ आली. तेव्हापासून नियम : गुडघा साबणाने धुवायचा, कोरडा करायचा, पट्ट्या चारी कडांनी दाबायच्या, आणि लावताना-काढताना मशीन बंद. काढल्यावर पट्टी तिच्या प्लॅस्टिकवर परत लावायची. चिकटपणा कमी झाला की बोटाने पाण्याचा एक थेंब फिरवला तर आणखी चार-पाच दिवस चालते. नीट जपली तर एक पट्टी पंचवीस-तीस वेळा. चार पट्ट्यांचं पाकीट मला २५० रुपयांना पडतं, म्हणजे खरा खर्च मशीनचा नाही, पट्ट्यांचा आहे. हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

साडी नेसणाऱ्यांसाठी : वायरी परकराच्या आतून वर घ्यायच्या आणि मशीन कमरेला, निऱ्यांच्या बाजूला खोचायचं. मागे दिलेली क्लिप पँटच्या पट्ट्यासाठी आहे, परकराच्या नाडीवर टिकत नाही. मी छोटा बटवा शिवून घेतला.

आता वारी. २०२४ला मी फक्त आळंदी ते पुणे चालले. २०२५ला पूर्ण जायचं ठरवलं, आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर, आषाढी ६ जुलैला. त्या आधी मे महिन्यात सरावाला म्हणून पुणे-सासवड वाटेवरचा दिवे घाट चढले, मशीन चालू ठेवून. काही दुखलं नाही, म्हणून उतरलेही चालतच. दुसऱ्या दिवशी उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. आठ दिवस बर्फ आणि विश्रांती. फिजिओ रागावली, आणि तिचं बरोबर होतं. दुखणं ही सूचना असते, मशीनने ती दाबली आणि मी सांध्याला झेपेल त्याच्या पलीकडे गेले. त्यानंतर तिने जो हिशेब घालून दिला तो वारीभर पाळला : चालण्याआधी आणि मुक्कामाला पोचल्यावर मशीन लावायचं, चढ-उतारावर कधीच नाही. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण ते दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर त्या दिवशी अंतर निम्मं. काठी उजवा गुडघा दुखतो म्हणून डाव्या हातात. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा. त्या पहाटे मी रिक्षाने हडपसर गाठलं आणि तिथून चालले. घाटात टाळांच्या ठेक्यावर पाय आपोआप पडतात, तो अनुभव मी शब्दांत सांगू शकत नाही. जेजुरीला गडाच्या पायऱ्या चढले नाही. खालूनच हात जोडले, भंडारा कपाळाला लावला. वाईट वाटलं, पण पुढे नीरा, लोणंद, फलटण सगळं बाकी होतं.

तरडगावच्या मुक्कामी रात्री तंबूत मी पट्ट्या लावून बसले होते. परभणीकडच्या एक आजी जवळ आल्या. "माउली, मलाबी लाव की गं ते. लई ठणकतंय." पट्ट्या उचलल्यासुद्धा होत्या, पण फिजिओने बजावलेलं आठवलं म्हणून विचारलं, "आजी, छातीत काही बसवलंय का तुमच्या?" त्यांनी पदर बाजूला केला. गळ्याजवळच्या डाव्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा. पेसमेकर, म्हणजे विजेवर हृदयाचे ठोके सांभाळणारं यंत्र. मी मशीन बाजूला ठेवलं. चुलीवरचं गरम पाणी बाटलीत भरून, फडक्यात गुंडाळून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं आणि पोटऱ्या चोळून दिल्या. सकाळी त्या माझ्या आधी तयार होत्या. पण मला रात्रभर झोप लागली नाही. विचारलं नसतं तर?

म्हणून हे ठळक सांगते. पेसमेकर असेल तर हे मशीन स्वतःच्या मनाने वापरू नये. गरोदर बाई, फिट येणारं माणूस, त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गळ्यावर, जखमेवर, छातीवर लावू नये. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर जोर किती आहे हे कळत नाही, कातडी भाजू शकते. माझी फिजिओ आधी कापूस फिरवून आणि गार-गरम वस्तू टेकवून बघते, तसं कुणाकडून तरी करून घ्या. झोपेत आणि अंघोळीत नाही. आणि गुडघा लाल होऊन गरम लागत असेल, ताप असेल, पाय टेकवतच नसेल, तर मशीन लावायचं नाही, डॉक्टरकडे जायचं.

वारीत मशीनने दगा दिला तो एकदाच, वेळापूरला. डावी वायर पिनेजवळ वळून वळून आतून तुटली, मध्येच थरथर थांबायची आणि मध्येच झटका यायचा. तेव्हा एका वायरीच्या दोन पट्ट्या वाटीच्या दोन बाजूंना लावून भागवलं. वाखरीच्या रिंगणापर्यंत पोचले, पंढरपुरात कळसाचं दर्शन घेतलं, चंद्रभागेत पाय धुतले. एकही गोळी न घेता. परत आल्यावर दुकानात वायर बदलून मागितली तर वॉरंटी फक्त मशीनची, वायरींची नाही म्हणाले. १८० रुपये देऊन नवी घेतली. घ्याल तेव्हा हे आधी विचारा, आणि पट्ट्यांची पिन तुमच्या वायरीत बसते का तेही तिथेच लावून बघा. एकदा मी न बघता स्वस्तातलं पाकीट आणलं, ते पिनेऐवजी बटणाने जोडायचं निघालं.

तर घ्यावं का? रोज व्यायाम करायची आणि चालायची तयारी असेल, आणि आधी कुणाचं तरी आठ दिवस वापरून फरक पडला असेल, तर जरूर घ्या. नुसतं लावून टीव्हीसमोर बसायचं असेल तर त्या पैशांत चांगले बूट आणि काठी घ्या. त्याचा गुडघ्याला जास्त उपयोग होईल.

माझी नवी वायर आणि पट्ट्यांची दोन पाकिटं बटव्यात आहेत. २०२६ला अधिक ज्येष्ठ आल्याने आषाढी २५ जुलैला आहे, म्हणजे सरावाला जवळजवळ तीन आठवडे जास्त मिळतात. खुर्चीवरून उठणं बारावरून पंधरावर न्यायचंय, आणि या वेळी जेजुरीचा गड चढायचाय.