मासेमारी क्लबचे सभासदत्व आणि परवाने : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी गळाने मासे पकडणाऱ्या हौशी लोकांच्या एका क्लबचे वार्षिक सभासदत्व घेतले आणि तेव्हापासून जवळजवळ दर आठवड्याला त्यांच्या तलावावर किंवा नदीच्या राखीव पट्ट्यावर बसत आलो आहे. पाणी उत्तम आहे, काठ स्वच्छ आहेत आणि मासळी भरपूर आहे. त्रास झाला तो नियमांचा आणि त्याहून अधिक परवान्यांचा.

मला नियम नकोत असे मुळीच नाही. उलटा काटा (गळाच्या टोकाजवळ मागे वळलेले छोटे अणकुचीदार टोक) नसलेलाच गळ वापरावा, या अटीवर मी सुरुवातीला नाराज होतो, कारण मासा सुटून जाईल अशी भीती वाटे. प्रत्यक्षात दोरी ताणलेली ठेवली तर फारसे मासे सुटत नाहीत आणि गळ क्षणात निघतो, त्यामुळे सोडून द्यायच्या माशाच्या तोंडाला इजा कमी होते. माशाला ओल्या हातांनीच धरावे आणि जाळी गाठी नसलेली असावी, हेही योग्यच आहे, कारण माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला गेला की त्याला रोगाची लागण सहज होते. ठरावीक लांबीपेक्षा लहान मासा तर सोडायचाच, पण एका मर्यादेपेक्षा मोठा मासाही सोडायचा, हा नियम मात्र मला अनेक आठवडे अन्यायाचा वाटत राहिला. शेवटी एका वयस्क सभासदांनी समजावले की मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते आणि ती गेली तर तलावाचे पुढच्या वर्षांचे नुकसान होते. हे ऐकल्यापासून मी तो नियम मनापासून पाळतो. एवढे एक वाक्य नियमपुस्तिकेत का नसावे? त्या पुस्तिकेत मनाई आणि दंड आहेत, पण एकाही नियमामागचे कारण दिलेले नाही.

परवान्यांची गुंतागुंत पैसे भरल्यानंतर कळली. सभासदत्वाचे कार्ड हे केवळ तलावापुरते असते. नदीच्या पट्ट्यासाठी रोजचा वेगळा परवाना लागतो, रात्री बसायचे असल्यास आणखी एक, दुसरा रॉड लावायचा असल्यास त्याची वेगळी नोंद, आणि शासकीय परवाना या सगळ्यांखेरीज. रोजचा परवाना कार्यालयात जाऊन घ्यावा लागतो आणि कार्यालय दिवसा उघडे असते. मासा गळाला लागण्याची उत्तम वेळ पहाटेची आणि संध्याकाळची, त्यामुळे परवाना आदल्या दिवशीच घ्यावा लागतो. रात्रीत वर कुठे पाऊस होऊन नदी गढूळ झाली, तर तो वाया जातो. एका पट्ट्यावर एका दिवशी किती जणांनी बसावे याला मर्यादा असणे मला मान्य आहे, पण न वापरलेला परवाना परत करण्याची सोयच नसल्याने, जागा नाही म्हणून मला नकार मिळाला त्याच दिवशी तो पट्टा सकाळभर रिकामा पडलेला मी समोरच्या काठावरून पाहिला आहे.

सर्वांत जिव्हारी लागलेला प्रसंग मोजमापाचा आहे. किमान लांबी किती हे पुस्तिकेत लिहिले आहे, पण ती कशी मोजायची हे लिहिलेले नाही. दुभंगलेल्या शेपटीच्या माशाची लांबी शेपटीच्या टोकापर्यंत धरली तर एक येते आणि मधल्या खाचेपर्यंत धरली तर बरीच कमी येते. मी टोकापर्यंत मोजून मासा ठेवला होता. पाहणीसाठी आलेल्या निरीक्षकांनी खाचेपर्यंत मोजून मला लेखी ताकीद दिली. महिन्याभराने दुसऱ्या निरीक्षकांनी माझ्यासमोर एका सभासदाचा मासा टोकापर्यंत मोजला आणि योग्य ठरवला. ताकीद मी सहन करीन, पण माझ्या हातून मेलेला तो मासा खरोखर लहान होता की नव्हता, हे मला आजही कोणी सांगू शकलेले नाही.

बंद हंगामाबद्दलही असेच. विणीच्या काळात ठरलेल्या तारखांना मासेमारी बंद असते, ते रास्तच आहे. परंतु उन्हाळ्याच्या ऐन तडाख्यात तलाव खुला होता. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे पाणी तापते तसा प्राणवायू घटतो आणि माशाची गरज मात्र वाढते. अशा पाण्यात गळाला झुंजून थकलेला मासा सोडला तरी तो जगेलच असे नाही. काठावर एक तापमापक लावून ठरावीक तापमानानंतर मासेमारी थांबवावी, असे मी सुचवले. हा बदल वार्षिक सभेतच होऊ शकतो, असे उत्तर मिळाले. आम्ही चौघांनी त्या काळात दुपारी गळ टाकणे स्वतःहून बंद ठेवले.

पकडीचा तक्ता प्रत्येक खेपेनंतर भरून द्यावा लागतो आणि तो मी एकदाही चुकवलेला नाही. त्यात मासे किती आणि केवढे, एवढेच रकाने आहेत. किती तास बसलो याचा रकाना नाही. दोन तासांत मिळालेले तीन मासे आणि दहा तासांत मिळालेले तीन मासे हे तलावाची अगदी निराळी अवस्था सांगतात, आणि काहीच न मिळालेला दिवसही तितकाच महत्त्वाचा असतो. रिकाम्या दिवसाचा तक्ता देण्याची गरज नाही, असे कार्यालयात सांगतात. मी तो देतोच आणि समासात तास लिहितो.

सभासदत्व मी पुढच्या वर्षीही घेणार आहे, कारण हे पाणी मला सोडवत नाही. मोजण्याची पद्धत चित्रासह छापणे, परवाना परत करण्याची सोय करणे आणि तक्त्यात तासांचा रकाना घालणे, अशा तीन मागण्यांचे पत्र समितीला दिले असून त्यावर अकरा सभासदांच्या सह्या आहेत. नव्याने सभासद होणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी कार्ड नेमके कोणत्या पाण्यासाठी आहे, वरून कोणकोणते परवाने लागतात आणि लांबी शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची की खाचेपर्यंत, हे लेखी घ्यावे.