फोल्डिंग चाकूची मूठ: खरड छाटणीपासून काढणीपर्यंत वापरल्यावर

आधीच सांगतो, हा धारेचा रिव्ह्यू नाही. स्टील कुठलं, धार किती टिकते यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते मुठीबद्दल, कारण दुकानात हातात घेतला की जवळपास प्रत्येक चाकू छान बसतो. खरं काय ते कळतं ठिबकच्या नळ्या कापायला बसल्यावर.

द्राक्षाची बाग नाशिककडे, दिंडोरी तालुक्यात. एप्रिलच्या खरड छाटणीपासून आता माल निघेपर्यंत तीन फोल्डिंग चाकू आलटून पालटून खिशात होते. छाटणी कात्रीनेच होते, तिथे चाकूचं काम नाही. चाकू लागतो बाकीच्या शंभर गोष्टींना: ठिबकची १६ मिमीची नळी, सुतळी, खताच्या गोणीची शिवण, कलमावरची प्लॅस्टिकची पट्टी, पॅकिंगच्या खोक्यांची चिकटपट्टी. ब्रँडची नावं मुद्दाम देत नाही. तक्रारी घडणीबद्दल आहेत आणि त्या घडणीचे चाकू डझनभर कंपन्या बनवतात.

पहिला काळा, जी-टेनच्या (काचतंतू आणि इपॉक्सीच्या कडक पत्र्याच्या) मुठीचा, बोटांसाठी खाचा पाडलेला, बाजूला क्लिप. दिसायला सगळ्यात देखणा. ऑक्टोबर छाटणीआधी दोन एकरांतल्या जुन्या नळ्या बदलल्या, तेव्हा याची परीक्षा झाली. नळी कापताना मूठ आवळावी लागते आणि आवळली की क्लिपची कड बरोबर अनामिकेच्या मुळाशी रुतते. पहिली ओळ संपेपर्यंत काही वाटत नाही. दुपारी मात्र तिथे लाल वळ आणि संध्याकाळी फोड. खिशाला चाकू अडकवायची क्लिप ही स्पायडरको या अमेरिकन चाकू कंपनीने १९८१ साली आणलेली कल्पना, आणि खिशासाठी ती उत्तमच आहे. पण हाताचा विचार करून कोणी क्लिप बसवतं असं मला वाटत नाही. टॉर्क्सच्या (चांदणीसारख्या टोकाच्या) टी-६ पान्याने ती काढून टाकली, तेव्हा निम्मं दुखणं गेलं.

उरलेलं निम्मं खाचांचं. खाचा एकाच पकडीसाठी असतात: मूठ वळून, पातं पुढे. पण सुतळी आपण स्वतःकडे ओढून तोडतो, पट्टी सोडवताना अंगठा पात्याच्या पाठीवर असतो, गोणीची शिवण उसवताना धार वर ठेवतो. पकड बदलली की खाचांमधले उंचवटे बोटांच्या पेरांवर येतात. मिसेसचा हात माझ्याहून लहान. तिचं एकही बोट कुठल्याच खाचेत बसत नाही. तिचा शेरा असा, की हा चाकू फोटो काढायला बनवलाय. पाठीवर अंगठ्यासाठी पाडलेले दाते तेवढे कामाचे निघाले, ओल्या हाताने अंगठा घसरत नाही.

जाडीचाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेने हाताच्या अवजारांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. जोर लावायच्या कामाला मुठीचा व्यास साधारण ३२ ते ५१ मिमी असावा आणि नाजूक कामाला ६ ते १३ मिमी, असं ती सांगते. माझ्या काळ्या चाकूची मूठ १२ मिमीच्या आसपास. म्हणजे मूठ पेन्सिलीसारखी धरायच्या जाडीची आणि काम नळी कापायचं. खिशात मावावा म्हणून चाकू चपटा करतात आणि त्याची किंमत तळहात मोजतो.

दुसरा ॲल्युमिनियमच्या मुठीचा, छोटा, सोबत पाना-ओपनर वगैरे. याबद्दल थोडक्यात: मूठ ९ सेंटिमीटरची असल्याने तिचं टोक तळहाताच्या मधोमध टेकतं आणि जोर लावला की तिथेच बोचतं. मूठ तळहाताच्या रुंदीपेक्षा लांब हवी, १० सेंटिमीटरच्या खाली जाऊच नये. शिवाय डिसेंबरात निफाड-दिंडोरीकडे पहाटे काय थंडी असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. त्या वेळी धातूची मूठ हातात धरवत नाही. खोकी उघडायला मात्र झकास.

तिसरा साधा लाकडी, गोल मुठीचा, पात्याच्या बुडाशी फिरती कडी. ही घडण मूळची फ्रान्सच्या साव्वा भागातल्या ओपिनेलची. चाकू १८९० चा, लॉकची कडी १९५५ ची. मूठ मध्ये फुगीर, कुठेही खाच नाही, क्लिप नाही, कड नाही. म्हणूनच कशीही फिरवा, हातात बसते. नळ्यांच्या दुसऱ्या तुकड्याला हाच घेतला आणि हाताला काही झालं नाही. मिसेसनेही तक्रार केली नाही, हे विशेष. थोरला भाऊ डावखुरा आहे. काळ्या चाकूचं लायनर लॉक, म्हणजे उघडं पातं अडकवणारी मुठीतली पत्र्याची पट्टी, उजव्या अंगठ्यासाठी बनवलेलं, त्याला ते मिटताना कसरत करावी लागते. फिरती कडी दोन्ही हातांना सारखीच.

याचेही नखरे आहेत. श्रावणात लाकूड फुगलं आणि पातं मुठीत असं अडकलं की नखाने निघेना. मुठीचं बूड टेबलावर ठोकलं की पातं जरासं वर येतं, मग चिमटीत धरून ओढायचं. पावसाळ्याआधी जवसाचं तेल मुरवलं असतं तर एवढं झालं नसतं, असं आता वाटतं. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, तेव्हा हातमोजे घालावेच लागतात आणि मोज्यातून पातं उघडायची नखाची खाच सापडतच नाही. त्या दिवसांत पात्यावर अंगठ्याची खुंटी असलेला काळा चाकूच खिशात. पातं कार्बन स्टीलचं आहे, तेही सांभाळावं लागतं. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) करताना मोरचुदाच्या पाण्यात ते बुडालं आणि टोकाला चक्क तांब्याचा लालसर थर चढला. घासल्यावर गेला.

घेणाऱ्यांसाठी एवढंच, की दुकानात चाकू मिटलेला असताना मूठ जोरात आवळून मिनिटभर धरा. पातं काय कापतं ते नंतर बघता येईल. तळहातावर कुठे वळ उमटतो ते आधी बघा. डावखुरे असाल तर लॉक स्वतःच्या हाताने मिटून पाहा.

नाशिक शहरात येताना मी चाकू ट्रॅक्टरच्या पेटीतच ठेवतो. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघतात आणि नाक्यावर उभं राहून शेतीचं अवजार आहे हे समजावत बसायची हौस नाही. सध्या वाटणी अशी: लाकडी माझ्या खिशात, काळा बिनक्लिपचा फवारणीच्या शेडमध्ये, आणि ॲल्युमिनियमचा पॅकिंगच्या टेबलावर दोरीला बांधलेला, कारण तिथून तो सारखा गायब व्हायचा.